परकारभाईंची निळी गाढवं

परकारभाईंशी बोलायचं म्हणजे मान दुखायची तयारी ठेवावी लागते. ते कधीच समोर उभे राहत नाहीत. तुम्ही बोलायला लागलात की ते हळूहळू सरकत तुमच्या कानाच्या बाजूला जातात आणि तिथून तुमचं नाक, हनुवटी, मानेचा उतार बघत राहतात. तुम्ही त्यांच्याकडे वळलात की ते आणखी थोडे सरकतात. कंपनीत नवीन आलेला माणूस पहिल्या भेटीत स्वतःभोवती एक पूर्ण चक्कर मारतो. मग कोणीतरी त्याला समजावतं, "हबीबी, गप उभा राहा. त्यांना बाजूनं बघायची सवय आहे."

"समोरून माणूस चेहरा करतो, सावंत," एकदा त्यांनी मला सांगितलं. "बाजूनं बघा. नाकाला खोटं बोलता येत नाही."

आमची कंपनी इकडं आखातात, मुसफ्फाच्या इंडस्ट्रियल एरियात इमारतींचे लोखंडी सांगाडे बनवते. परकारभाई तिथले सगळ्यांत जुने ड्राफ्ट्समन. मूळचे दाभोळकडचे. मिशी काळी असताना इथं आले आणि आता ती पूर्ण पांढरी झाली आहे. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा ते निमूटपणे कॉम्प्युटर शिकले, पण जुना ड्रॉइंग बोर्ड भंगारात जाऊ दिला नाही. तो उचलून आपल्या खोलीवर नेला. शाबियातल्या ज्या बिल्डिंगीत मी, माझी बायको मंजिरी आणि आमची सई तिसऱ्या मजल्यावर राहतो, तिथंच पहिल्या मजल्यावरच्या स्टुडिओ फ्लॅटमध्ये परकारभाई एकटे राहतात. पलंग, शेगडी आणि तो बोर्ड. माणसाला वळायला जागा उरत नाही.

त्या बोर्डावर परकारभाई प्राचीन इजिप्तची जनावरं काढतात.

हे वेड त्यांना एका पुस्तकानं लावलं. एक गोरा इंजिनियर नोकरी सोडून जाताना ते टाकून देत होता. पाटासारखं जाडजूड पुस्तक. फार पूर्वी काही चित्रकार थडग्यांच्या आत बसून भिंतींवरची चित्रं रंगात उतरवून घेत असत, त्यांच्या त्या नकला त्यात छापलेल्या आहेत. धान्य तुडवणारे बैल, अंजिरं चोरणारी माकडं, ओळीनं चालणारी बदकं, खुर्चीखाली बसून मासा खाणारी मांजर. परकारभाई त्या नकलांची नक्कल करतात. इजिप्तला ते कधी गेले नाहीत.

"जाऊन काय करू?" ते म्हणतात. "मूळ भिंती काजळल्या, पोपडे पडले. नक्कल राहिली. म्हणून नक्कल करणाऱ्यानं स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

कागद त्यांना चालत नाही. साइटवर उरलेले जिप्सम बोर्डाचे तुकडे ते मागून आणतात, त्यावर पेन्सिलीनं चौकटी आखतात आणि चौकट-चौकट करत जनावर उतरवतात. "कागदावर काढलं तर चित्र होतं. भिंतीवर काढलं तर जनावर होतं." हे ऐकायला छान वाटतं, पण ते जनावर टांगायचं कसं हा प्रश्न ज्याला मिळालं त्याचा. जिप्सम बोर्ड जड असतो आणि भाड्याच्या घरात भिंतीला ड्रिल मारायला बंदी. आमच्या बिल्डिंगीचा नातूर, म्हणजे रखवालदार, खानसाहेब म्हणून एक पेशावरी गृहस्थ आहेत. ड्रिलचा आवाज आला की ते जिन्यातूनच ओरडत यायचे. परकारभाईंनी त्यांच्या केबिनसाठी बदकांची अख्खी रांग काढून दिली, तेव्हापासून खानसाहेबांना ऐकू येईनासं झालं.

चित्र कोणाला मिळणार, कुठलं मिळणार, हे परकारभाई ठरवतात. नको म्हणायची सोय नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या ग्रेसी चेचीला, म्हणजे मल्याळी ग्रेसीताईला, मासा खाणारी मांजर मिळाली. ती शाळेत शिकवते, तिनं कौतुकानं हॉलमध्ये लावली. आमचा अकाउंटंट अश्रफ वरच्या मजल्यावर राहतो, त्याला तरस मिळालं. साधं तरस नाही. दोन माणसांनी तरसाला उताणं पाडलं आहे आणि ते त्याच्या तोंडात बळजबरीनं खाणं कोंबत आहेत. अश्रफ स्वतः इजिप्तचा, टांटा शहरातला. परकारभाईंना वाटायचं की ही सगळी थडगी म्हणजे त्याच्या काकांची घरं.

"तुमच्या लोकांनी तरसं पाळली होती, अश्रफ. का पाळली असतील?"

"हबीबी, मला नाही माहीत. आमच्या टांटाला मिठाई प्रसिद्ध आहे."

"पण थडगी बघितली असशील."

"शाळेची सहल गेली होती. मला बसमध्ये उलटी झाली. मी बसमध्येच बसून राहिलो."

परकारभाईंनी त्याच्याकडे बाजूनं बराच वेळ बघितलं आणि नाक खरं बोलतंय अशी खात्री पटल्यावर विषय सोडला.

आम्हाला गाढवं मिळाली. पाठीवर गोण्या लादलेली, एकामागून एक चाललेली गाढवं आणि मागून काठी घेतलेला माणूस. परकारभाई स्वतः तो बोर्ड धरून जिना चढून आले होते. आमच्या सईनं जवळ जाऊन बघितलं. ती इथंच वाढलेली, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत.

"अंकल, धिस मॅन हॅज टू लेफ्ट फीट."

"हो. दोन्ही पाय डावेच असतात त्यांचे. हजारो वर्षं तसाच चालतोय, बेटा, अजून पडला नाही."

"अँड व्हाय आर द डाँकीज ब्लू?"

मी आणि मंजिरीनं एकमेकांकडे बघितलं. गाढवं खरोखरच निळी होती. राखाडीकडे झुकणारी वगैरे नाही, शाळेच्या गणवेशासारखी निळी.

"राखाडी आहेत," परकारभाई म्हणाले. "पुस्तकाशी ताडून घेतलीत."

आम्ही गाढवं टीव्हीच्या वर लावली आणि पाहुण्यांना सांगायला लागलो की इजिप्तमध्ये तशी असतात.

पुढं इतर गोष्टी लक्षात यायला लागल्या. कंपनीच्या व्हॅनमध्ये चढताना परकारभाई पायरी पायानं चाचपायचे. कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून बसायचे. दुपारी वर्कशॉपच्या दारातून बाहेर पडलं की उन्हात कपाळावर हात धरून थांबायचे. मी विचारलं की म्हणायचे, "ऊन वाढलंय यंदा." ऊन इथं दर वर्षीच वाढलेलं असतं, त्यामुळं मीही मान डोलवायचो.

मग एके दुपारी यार्डात फोर्कलिफ्ट रिव्हर्समध्ये येत होती. तिचा भोंगा वाजत होता, पण यार्डात सतत कुठला ना कुठला भोंगा वाजतच असतो. परकारभाई हातात ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन सरळ तिच्या मागं चालत गेले. फोरमननं धावत जाऊन कॉलर धरून त्यांना मागं खेचलं. दोघंही खाली पडले. मी पोचलो तेव्हा परकारभाई जमिनीवर बसून गुंडाळी झटकत होते.

"दिसली नाही?" मी विचारलं.

"सावली वाटली," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाले की काळजीचं कारण नाही, आधी एक डोळा करू, मग दुसरा, छोटं ऑपरेशन आहे. परकारभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर काउंटरवरच्या नर्सनं तारीख द्यायला वही उघडली आणि विचारलं, "अंकल, घरून कोण येणार बरोबर? नंतर दिवसातून बऱ्याच वेळा थेंब घालावे लागतील. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. घरात कोणीतरी हवं."

"इन्शाल्ला, बघू," परकारभाई म्हणाले आणि चालायला लागले.

त्यानंतर सबबींचा हंगाम सुरू झाला. आधी उन्हाळा कडक होता. मग एक मोठा प्रोजेक्ट द्यायचा होता. मग ते मला समजावायला लागले, "डोळा म्हणजे पंप नव्हे, सावंत, उघडला, साफ केला, परत बसवला." मी वैतागून म्हणालो, "थेंबांची काळजी असेल तर मी घालीन, मंजिरी घालेल."

परकारभाईंनी मान हलवली. मग म्हणाले, "घरच्या माणसाचं काम घरच्या माणसानं करावं. नाही तर राहू द्यावं."

घरचं माणूस म्हणजे त्यांची बायको, जुबेदाभाभी. मूलबाळ नाही. भाभी गावी राहतात आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही एकदासुद्धा इथं आलेल्या नव्हत्या. कारण विचारलं की परकारभाई सांगायचे, "जनावरं आहेत ना तिच्याकडं. ती सोडून कशी येणार?" एक गाय, शेळ्या, बदकं, कोंबड्या, मांजरं. परकारभाई दर वर्षी सुट्टीवर जायचे, आणि त्यांच्या सांगण्यावरून असं दिसायचं की तिथंही घरात त्यांचा नंबर शेळ्यांच्या नंतर लागतो.

एका रविवारी ते आमच्याकडे जेवायला आले होते. मंजिरीनं सुरमई केली होती. जेवताना त्यांचा फोन वाजला. भाभींचाच. ते रोजच्यासारखं "हां, हां, बरं" करत ऐकत होते. ताटात काटा शोधण्यासाठी मासा बोटांनी चाचपत होते. मंजिरीनं ते बघितलं, हात धुतला आणि सरळ त्यांच्या हातातून फोन काढून घेऊन स्पीकर लावला.

"भाभी, मी मंजिरी सावंत. वरच्या मजल्यावरची. ह्यांचे दोन्ही डोळे गेल्यात जमा आहेत. ऑपरेशन करत नाहीत, कारण थेंब घालायला घरचं माणूस नाही."

परकारभाईंनी मान खाली घातली. पलीकडून एक शेळी ओरडल्याचा आवाज आला.

"मला म्हनाले उन्हानं पाणी येतंय डोळ्याला," भाभी म्हणाल्या.

"उन्हानं नाही. मोतीबिंदू आहे."

"किती दिवस राहावं लागेल गो बाय मला तिकडं?"

"दोन्ही डोळे व्हायचे म्हणजे दीडेक महिना."

आता परकारभाई बोलले. "अगो पण जनावरं?"

"जनावरं गोठ्यात ऱ्हातील. जाऊबाय बगतील. तुम्ही कुठं ऱ्हाता ते तरी बगूदे मला एकदा."

परकारभाईंनी उरलेला मासा खाल्ला नाही, पण भात दोनदा मागून घेतला.

व्हिजिट व्हिसावर भाभी आल्या. बुटक्या, काटक, नाकात चमकी, हातात सुक्या बांगड्याचा वास येणारी पिशवी. त्या स्टुडिओत शिरल्या, पलंग, शेगडी आणि बोर्ड बघून घेतला आणि म्हणाल्या, "माज्या कोंबड्यांचं खुराडं ह्याच्यापेक्षा मोठं हाय." संध्याकाळपर्यंत त्यांनी पलंग हलवून बोर्ड खिडकीपाशी नेला होता आणि खोलीत अचानक दोन माणसांना वावरता येत होतं.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि भाभी बाहेर बसलो होतो. त्या तसबीची माळ ओढत होत्या. एसीच्या गारठ्यानं कुडकुडत होत्या, पण शाल घ्यायला तयार नव्हत्या, कारण शाल घ्यायला तसबी खाली ठेवावी लागली असती. डॉक्टर बाहेर येऊन "ऑल गुड" म्हणाले. भाभींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "झालं, भाभी. छान झालं." तेव्हा त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की समोरच्या खुर्चीवरचा अरब म्हातारा हसून "अल्हम्दुलिल्ला" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. परकारभाई येताना गाडीत खिडकीतून बघत होते. बिल्डिंगीच्या दारात थांबून म्हणाले, "हा पांढरा रंग कधी दिला?"

"नेहमीचाच आहे," मी म्हणालो.

मंजिरीनं चहाला बोलावलं होतं म्हणून दोघं वर आले. परकारभाई आमच्या टीव्हीसमोर उभे राहिले. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"सावंत, ही गाढवं निळी आहेत."

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही दिलीत तेव्हापासून."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत."

"आम्हाला वाटलं तिकडं तशी असतील," मंजिरी म्हणाली.

"आय टोल्ड यू, अंकल," सई सोफ्यावरून म्हणाली.

परकारभाई चहा प्यायले नाहीत. नक्कल करणाऱ्यानं आपलं डोकं चालवलं होतं, डोळ्यानं का होईना, आणि सगळ्या बिल्डिंगीत ते टांगलेलं होतं. त्यांना सगळी चित्रं परत हवी होती, आत्ता. आम्ही खाली निघालो. पुढं परकारभाई, त्यांचा एक डोळा अजून वाईट म्हणून मी कोपर धरलेलं, आणि मागून पदर सावरत भाभी.

खानसाहेबांच्या केबिनमधली बदकं जुनी होती, रंग ठीक निघाले. परकारभाईंचा जीव भांड्यात पडला. भाभी मात्र पुढं झाल्या, वाकल्या, आणि बघतच राहिल्या.

"ही माजी बदकं," त्या म्हणाल्या. "मुंगसानं नेली त्या सालची. मी फोनवर रडलेली." त्यांनी बोटानं एकेक बदक दाखवत ओळ पूर्ण केली. "नेलेली पण काढलीत होय."

परकारभाई खानसाहेबांच्या गॅसशेगडीकडे बघत होते.

ग्रेसी चेचीकडची मांजर किंचित निळसर होती. परकारभाई ती काढायला पुढं सरसावले, तर चेची आडवी उभी राहिली. "नो नो परकारभाई, वी लाइक इट." भाभींनी खुर्चीखालची मांजर आणि तिच्या तोंडातला मासा बघितला आणि मला सांगितलं, "ही भुरी. जेवायच्या खुर्चीखाली बसून बांगडा खायची, उठायची नाय. मीच सांगितलेलं ह्यांना."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडायला लागला होता. लिफ्टमध्ये मी मुद्दामच अश्रफच्या मजल्याचं बटण दाबलं.

अश्रफचं तरस हिरवट निघालं होतं. भाभींनी ते समोरून बघितलं, मग परकारभाईंसारखं बाजूनं बघितलं.

"तरस आपल्याकडं कुठं हाय?" त्यांनी विचारलं. "कधी काढलंत हे?"

"दोन पावसाळ्यांमागं," परकारभाई म्हणाले.

भाभी जरा विचारात पडल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. "अकबरभाऊ ऱ्हायला आले होते तेव्हा," त्या कशाबशा म्हणाल्या. "माजे दीर. हलायचं नाव घेत नव्हते. मी वाढत होते नि ते जेवत होते."

"व्हॉट इज शी सेइंग?" अश्रफनं विचारलं.

"फॅमिली मॅटर," मी म्हणालो. चित्र परत द्यायला तोही तयार झाला नाही. त्याच्या आईनं टांटाहून फोनवर ते बघितलं होतं आणि तिला फार आवडलं होतं.

आम्ही परत आमच्या घरी आलो. चहा गार झाला होता, मंजिरीनं नवीन टाकला. भाभी गाढवांसमोर उभ्या राहिल्या.

"गाढव मी कदी पाळलं नाय," त्या म्हणाल्या.

"ती तुझी नाहीत," परकारभाई म्हणाले. "ते आम्ही. सकाळी व्हॅनला जातो ते."

सई उठून आली. "विच वन इज बाबा?"

परकारभाईंनी बोट ठेवलं. "हे. डबा घेतलेलं."

मी नीट बघितलं. गोणीखाली खरोखर काहीतरी डब्यासारखं लटकत होतं. पुस्तकात ते नव्हतं, मी नंतर तपासलं.

मंजिरीनं चहा पुढं केला आणि विचारलं, "एवढं सगळं भाभींना कधी सांगितलं नाहीत?"

परकारभाईंनी बशीत चहा ओतला. "काय सांगणार, वहिनी? रोज फोनवर तिच्याकडं किती सांगायला असायचं. गाय व्याली, बदक हरवलं, भुरीनं मासा पळवला. माझ्याकडं काय? एसी चालू, एसी बंद. ती बोलायची ते मी पुस्तकात शोधायचो. सापडलं की काढायचो. तेवढंच घरात असल्यासारखं."

भाभींनी घड्याळाकडे बघितलं, पिशवीतून थेंबांची बाटली काढली आणि म्हणाल्या, "मान वर करा." त्यांनी आमच्या सोफ्यावरच त्यांच्या डोळ्यात थेंब घातला आणि गालावर ओघळलेलं पदरानं पुसलं. तिथं जरा जास्तच ओघळलं होतं, पण ती बाटली तशी नवीनच होती.

गाढवं आम्ही परत दिली नाहीत.

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. दुसऱ्या डोळ्याची तारीख कळवायची होती. दार उघडंच होतं. भाभी जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या आणि परकारभाई फोन हातभर लांब धरून त्यात बघत होते. मंजिरीनं त्यांना इथं चालणारं व्हिडिओ कॉलचं ॲप घालून दिलं होतं. पलीकडे दाभोळच्या गोठ्यात भाभींच्या जाऊबाई फोन धरून उभ्या होत्या. भाभी इकडं आल्यावर तिकडं गाय व्याली होती. पडद्यावर आधी अंधार, मग गवत, मग एक ओलसर काळं नाक, आणि मग फोनच चाटायला निघालेलं वासरू.

"जवळ धरा, वहिनी," परकारभाई म्हणाले. "कपाळावर पांढरं आहे काय?"

"हाय, चांदणी हाय," फोनमधून आवाज आला. "नाव काय ठेवायचं इचारा तिला."

भाभींनी वर न बघता सांगितलं, "मी आली की ठेवू."

"आम्ही आलो की," परकारभाई म्हणाले.

भाभींचा हात सुपात थांबला. परकारभाई वासराकडेच बघत होते. "हा दुसरा डोळा झाला की राजीनामा देतो, सावंत," ते मला म्हणाले. "बरोबरच जातो हिच्या."

मी दारातच उभा होतो. भाभींनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला, फोनकडे सरकल्या आणि जाऊबाईंना म्हणाल्या, "गोठ्यातला दिवा बदलून घे गो. मोठा लाव. ह्यांना नीट दिसूदे."